पावसाआधीची कबर

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या मंडळीतले सगळे म्हातारे ताठ चालतात. एरवी ज्यांना काठी लागते, ते ती चर्चच्या व्हरांड्यात टेकवून ठेवतात. ज्यांना खोकला आहे, ते तोंडात लवंग धरतात. उपासना संपली की सगळे मिळून कुसगावच्या वाटेवरच्या दफनभूमीत जातात आणि नुकत्याच खणलेल्या एका रिकाम्या कबरीभोवती उभे राहतात.

ही कबर कोणाचीच नसते. लोणावळ्यात एकदा पाऊस लागला की जमीन खणता येत नाही. मुरूम ढासळतो, खणावं तितकं भरत जातं. म्हणून पावसाआधीच एक कबर खणून तिच्यावर फळ्या, पत्रा आणि ताडपत्री घालायची, कडेने मातीचा बांध करायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. पावसाळ्यात मंडळीतलं कोणी गेलं तर त्याची सोय होते. कोणी गेलं नाही तर दसऱ्यानंतर उपकारस्तुती करून ती बुजवतात. त्या रविवारी चर्चचे पाळक खड्ड्याच्या उशाशी उभे राहून प्रार्थना करतात की हा यंदा रिकामा राहो. डोळे मिटायचे असतात. निम्मे डोळे उघडे असतात आणि एकमेकांच्या चेहऱ्यांवरून फिरत असतात.

नियम एकच. कबर कोणाच्या मापाने खणायची नाही. झाकायच्या फळ्या ठरलेल्या लांबीला कापलेल्या आहेत, वर्षानुवर्षं त्याच. त्या जेवढ्या, तेवढी कबर.

हा नियम शमुवेल ओहोळांचा आणि पद्धतही त्यांचीच. शमुवेल रेल्वेच्या गँगमध्ये होते. उभी नोकरी त्यांनी घाटातल्या रुळांखाली खडी ठोकण्यात काढली. चर्चच्या बाजूच्या दारातून येताना मान वाकवावी लागणारा मंडळीतला तो एकटा माणूस. त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील पौलस भर पावसात वारले. तेव्हा आधी खणून ठेवायची रीत नव्हती. माणसांनी सकाळभर खणलं आणि दुपारी पेटी येईपर्यंत खड्डा पाण्याने भरला. दोरांवरून पेटी खाली सोडली, ती खाली गेलीच नाही. तरंगली. एका अंगाला कलली, हळूहळू फिरली आणि तिचा कोपरा मुरुमाच्या भिंतीवर आपटत राहिला. शेवटी मोठ्या माणसांनी ती बांबूंनी दाबून धरली आणि वर दगड टाकले. शमुवेल तिथे काठावर उभे होते.

मरणाला भीत नाही, असं ते पुढे सगळ्यांना सांगत. फक्त पाण्यात नको. भुशीच्या धरणावर सगळा मुलूख भिजायला येतो. लोणावळ्यात आयुष्य काढून हा माणूस तिकडे एकदाही फिरकला नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी पहार उचलली आणि मंडळीसाठी कबर खणून ठेवली. त्यानंतर एकही मे महिना चुकवला नाही.

लिदियाबाई त्यांच्या पत्नी. सोमाटण्याच्या पलीकडच्या एका वाडीत, जिथे ख्रिस्ती घर त्यांचं एकच, तिथे त्या वाढल्या. लग्न होऊन लोणावळ्यात आल्या आणि मग शहराचं बोलणं कानावर पडत राहिलं तरी तोंडात वाडीच राहिली. कुसगावला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी भाड्याने जाणाऱ्या एका बंगल्यावर त्या चादरी बदलायला, भांडी घासायला जातात. रविवारची उपासना चुकू नये म्हणून पहाटेच काम उरकून येतात. अंगाला फिनेलचा वास असतो.

उपासनेत साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाचा अनुभव सांगायच्या वेळी, त्या उभ्या राहिल्या की आम्हाला पुढचं पाठ असायचं. तान्हं मूल गेलं तेव्हा, घाटात शमुवेलांच्या पायावर रूळ पडला तेव्हा, घराची मागची भिंत पावसात बसली तेव्हा त्या उभ्या राहिल्या होत्या आणि तेच म्हणाल्या होत्या. "देवानं आजवर सोडलं न्हाई. पुढंबी सोडायचा न्हाई." एवढं बोलून खाली बसायच्या. महिला मंडळाच्या प्रमुख मनोरमाबाई आढाव, निवृत्त शिक्षिका, शेजारणीच्या कानात म्हणायच्या, "झाली कॅसेट." त्यात द्वेष नव्हता. त्यांना सगळ्यांचंच व्याकरण तपासायची सवय होती.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात शमुवेलांचे पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय मोठं झालंय, त्याला रक्त ढकलवत नाही, म्हणून अंगात पाणी साठतंय. गोळ्या दिल्या. मीठ बंद, पाणी मोजून. बाहेर आल्यावर लिदियाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "पावसाळा जपा. सर्दी छातीत उतरली तर अवघड जाईल."

शमुवेल बाहेर बाकावर बसून होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणला?"

"म्हणला, पाऊस जपा."

"लोणावळ्यात?" शमुवेल हसले. हसताना त्यांना धाप लागली.

घरी आल्यावर मात्र ते एकदम लहान आवाजात म्हणाले, "लिदिया, आतून भरतोय मी. बघ, ते आलंच शेवटी." आणि मग, "मला पाण्यात ठिवू नका."

"न्हाई ठिवणार," त्या म्हणाल्या. एवढंच बोलणं झालं.

मे महिन्यात पहार लिदियाबाईंनी घेतली. मंडळीतल्या तरुणांनी मदतीचं सुचवलं, मंडळीच्या पंचांनी मजूर लावू म्हटलं. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. शमुवेल चिंचेखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सूचना द्यायचे आणि बंगल्यावरचं काम आटोपून आलेल्या लिदियाबाई उन्हं उतरल्यावर खणायच्या. थोडं थोडं, रोज.

आमच्या दफनभूमीला लागून मुसलमानांचं कबरस्तान आहे. मध्ये दगडाची एक जुनी भिंत. पलीकडची देखरेख बद्रुद्दीनचाचांकडे. शमुवेलांशी त्यांची जुनी दोस्ती. एकमेकांची कुदळ न्यायची आणि परत करताना दांड्याला नावं ठेवायची. ते भिंतीवर कोपरं टेकून उभे राहिले.

"काय शमुवेलभाऊ, यंदा बायकोला कामाला लावलं?"

"मी मुकादम झालोय."

"मुकादम झोपलाय आणि गँग काम करतेय. रेल्वेत असंच चालायचं वाटतं?"

"तुज्यासारखा बोलत बसत न्हवतो, येवढं खरं."

चाचा हसले. मग त्यांची नजर खड्ड्यावर गेली आणि तिथेच थांबली. जन्मभर हेच काम केलेला माणूस. त्यांनी आवाज खाली आणून म्हटलं, "वहिनी, लांबी बघा."

लिदियाबाईंनी वर न बघता घमेलं उचललं. "बघितलीय."

चाचांनी भिंतीवरून कोपरं उचलली. संध्याकाळी घरी निघताना शमुवेल खड्ड्याजवळ आले, काठी टेकून आत बघत राहिले.

"लांब झालाय गं."

"उभ्यानं बघताय म्हणून. चला, चहाची वेळ झाली."

त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते वळले आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

शेवटच्या रविवारी म्हातारे ताठ चालत आले. त्या वर्षी पाळक नवे होते, नगरकडचे, तरुण. त्यांना ही पद्धत पटली नव्हती. येताना वाटेत ते शमुवेलांना म्हणाले होते, "भाऊ, आपण देवावर भरवसा ठेवतो म्हणतो आणि आधीच खड्डा खणून बसतो. हा अविश्वास नाही का?"

"साहेब, छत्री घिऊन निघालेला माणूस देवाला नको असतो का?"

"तसं नाही, पण..."

"तुमच्या नगरला पाऊस पत्ता विचारत येतो. हितं थांबा एक महिना. मंग बोलू."

सगळे हसले. हसू दफनभूमीच्या फाटकापर्यंत टिकलं. प्रार्थना झाली, आमेन झालं, आणि खड्डा झाकायला तरुणांनी फळ्या उचलल्या. एका टोकाला फळ्या बसल्या. दुसऱ्या टोकाला उघडी जागा राहिली, हातभर.

"उलट्या लावल्या का?" कोणीतरी विचारलं. फळ्या काढून पुन्हा लावल्या. जागा तेवढीच राहिली. पायांच्या बाजूला काळं भोक दिसत होतं. मग एकेक नजर शमुवेलांकडे वळली, त्यांच्या डोक्यापासून पायांपर्यंत गेली आणि तिथून लिदियाबाईंकडे गेली.

मनोरमाबाई बुटक्या, अंगाने भरलेल्या. पुढे होऊन त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं आणि वर्गात बोलायच्या तशाच स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "लिदियाबाई, दर रविवारी उभं राहून आम्हाला सांगता, देव सोडणार नाही. आणि इकडे माप घेऊन ठेवलंत?"

पाळक म्हणाले, "बाई, जाऊ द्या."

"मी फक्त विचारतेय. मंडळीची कबर आहे ना ही? का ओहोळांची?"

लिदियाबाई वाकून फळ्यांवरची माती झाडू लागल्या. शमुवेलच म्हणाले, "मनोरमाबाई, तुमाला काय घाई हाय का?" पण या वेळी कोणी हसलं नाही. उरलेल्या जागेवर पत्र्याचा एक तुकडा सरकवला, ताडपत्री ओढली आणि लोक नेहमीपेक्षा लवकर पांगले.

त्यानंतर लिदियाबाई साक्षीला उभ्या राहिल्या नाहीत. पाळक "आणखी कोणी?" असं विचारायचे आणि सगळी मंडळी त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत बसायची. त्या मांडीवरच्या हातांकडे बघत असायच्या.

पुढे कधीतरी त्यांनी मला सांगितलं की तेव्हा त्यांना लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. प्रार्थनेला बसलं की डोळ्यांसमोर तो खड्डा यायचा, कोरडा, झाकलेला, आणि मनाला बरं वाटायचं. "देवाचं नाव घ्यायची आणि धीर खड्ड्याचा वाटायचा," त्या म्हणाल्या. "माजं मलाच कळंना, मी कुणावर टेकलेय."

जुलैत पावसाने घाट धरला. ढग रस्त्यावर उतरून बसले. भिंतींना बुरशी आली, कपडे चुलीवर वाळवायची वेळ आली. शमुवेलांना आता आडवं झोपता येत नव्हतं. पाठीमागे उशा लावून ते बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. छातीतून भांड्यात पाणी हलल्यासारखा आवाज यायचा. लिदियाबाईंनी बंगल्याचं काम सोडलं. रोज दफनभूमीचं फाटक उघडून त्या एकदा कबरीवरची ताडपत्री बघून यायच्या. बांध फुटला असेल तर माती लावायच्या, पत्रा उचलून आत हात घालायच्या. आत कोरडं असायचं. फाटकाची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

अशाच एका सकाळी मनोरमाबाई बायबल वाचताना खुर्चीतच कलंडल्या. दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं होतं. कसला आजार नाही, तक्रार नाही.

बातमी लिदियाबाईंना भाजीवाल्याकडून कळली. हातातली पिशवी खाली ठेवून त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. पहिलं मनात काय आलं, हे त्यांनी कोणापासून लपवलं नाही. मनात आलं, माझी किल्ली.

दुपारी पाळक आणि मनोरमाबाईंचा मुलगा प्रसन्न त्यांच्या घरी आले. दोघांच्या रेनकोटमधून पाणी गळत होतं. प्रसन्न दारातच उभा राहिला. कबर मंडळीची होती. विचारायचं खरं तर कारण नव्हतं. तरी विचारायला आले होते, आणि आतल्या खोलीत शमुवेलांच्या छातीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मावशी," पाळक म्हणाले, "दुसरीकडे बघितलं आम्ही. पुण्यात, पिंपरीत बाहेरच्यांना जागा देत नाहीत. तळेगावला शवागारात ठेवता येईल, पावसाने उघडीप दिली की..."

"किती दिस?"

"हवामान खात्याचा अंदाज चांगला नाही."

प्रसन्न म्हणाला, "मावशी, आई तुम्हाला जे बोलली ना त्या दिवशी..."

"ती मास्तरीण होती. चूक दिसली, लाल रेघ मारली. चुकीची न्हवती मारली."

त्या उठून आत गेल्या. शमुवेल जागे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बायकोकडे बघत राहिले. नको म्हणाले नाहीत, दे असंही म्हणाले नाहीत.  लिदियाबाईंनी त्यांच्या पाठीमागच्या उशा सारख्या केल्या. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली, बाहेर आल्या आणि ती प्रसन्नच्या ओल्या हातात ठेवली.

"पत्रा काढताना पायाकडनं काडा," त्या म्हणाल्या. "डोक्याकडनं काडला तर पाणी आत जाईल."

मनोरमाबाईंना त्या कोरड्या कबरीत ठेवलं. लिदियाबाई दफनाला गेल्या, मूठमाती दिली आणि परत आल्या. शमुवेलांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.  पेजेची वाटी तशीच राहिली. तिन्हीसांजेला ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "केवडी बुटकी बाई ती."

"व्हय."

"लय जागा उरली असंल गं तिला."

"पाय पसरून निजंल."

मग शमुवेल हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी बायकोचा हात घट्ट पकडला. "आता माजं काय?"

"आता काय न्हाई," लिदियाबाई म्हणाल्या. "आता काय सुदीक न्हाई माज्याकडं."

लिदियाबाईंकडून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता त्या म्हणाल्या असतील की देव आहे. तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी वाटी उचलून पेज गरम केली.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांनाच जड गेले. पाऊस थांबेना. दफनभूमीतल्या उतारावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. कबरस्तानाकडच्या मधल्या भिंतीचा एक भाग रात्रीतून कोसळला. आम्ही आळीपाळीने शमुवेलांकडे जाऊन बसायचो, आणि कोणी बोललं नाही तरी प्रत्येकाच्या डोक्यात एकच हिशेब चालू असायचा, आज गेले तर कुठे. सूज आता मांड्यांच्या वर आली होती. पायांच्या ताणलेल्या कातडीतून पाणी पाझरायचं. लिदियाबाई ते जुन्या मऊ धडप्याने टिपून घ्यायच्या, पिळायच्या, पुन्हा टिपायच्या. बाहेर पाणी, आत पाणी.

पाळक रोज येत. एकदा ते म्हणाले, "मावशी, आपण बरं होण्यासाठी प्रार्थना करू."

"करा. मीबी करते. पन माजं मागनं येकच हाय."

"काय?"

"मी शब्द दिला आन् मीच मोडला. आता तो त्यानं पाळावा. कसा पाळायचा ते त्याचं त्यानं बघावं. मला तर काय दिसत न्हाई." त्यांचा आवाज कडक होता, भांडणाचा. पाळकांनी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांची प्रार्थना अगदी आखूड झाली.

ऑगस्टमधल्या एका दुपारी शमुवेलांनी पेलाभर पाणी मागितलं. मोजून दिलेलं नाही, भरलेला पेला. लिदियाबाईंनी दिला. ते सगळं प्यायले, "गार हाय," म्हणाले आणि उशांना टेकले. थोड्या वेळाने छातीतला आवाज थांबला.

पाऊस तेव्हा असा पडत होता की समोरचं घर दिसत नव्हतं. पाळकांनी पुन्हा शवागाराचं काढलं. लिदियाबाईंनी शमुवेलांचे डोळे मिटले, हनुवटीला फडकं बांधलं, बायकांना म्हणाल्या, "अंग पुसा, कोरडं करा, लय कोरडं करा," आणि कोपऱ्यातली पहार घेऊन बाहेर पडल्या. त्यांना थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या उताराच्या वरच्या अंगाला, पडलेल्या भिंतीजवळ, पहार मारत होत्या. एकट्या. पदर डोक्याला गुंडाळलेला. भिंतीच्या पलीकडून बद्रुद्दीनचाचा डोक्यावर पोतं घेऊन आले, मागे त्यांचा मुलगा इर्शाद. चाचांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा खड्ड्याकडे.

"वहिनी, जागा बरोबर धरलीत. पण आधी वरच्या बाजूनं चर मारायला पाहिजे. सरका."

"चाचा, तुमी..."

"आमच्यात जागा आहे, दिली असती. पण शमुवेलभाऊंना आमची मक्केकडची दिशा जमायची नाही. जन्मभर भांडला माणूस, मेल्यावर कशाला वाद."

इर्शादने चार बांबू रोवून ताडपत्री ताणली. चाचांनी वरच्या अंगाला चर काढला, वाहतं पाणी बाजूला वळलं. तेवढ्यात प्रसन्न आला. सुतकाची दाढी वाढलेली. त्याने चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरला. मग पंच उतरले, मग आणखी दोघे. पाळकांनी घमेली ओढायला सुरुवात केली.

गुडघाभर खोल गेलं तोवर बरं चाललं होतं. मग प्रसन्न थांबला. त्याच्या पायांपाशी गढूळ पाणी वर येत होतं. त्याने बादलीने उपसलं. पुन्हा आलं. पुन्हा उपसलं.

"चर फुटला का?" पाळकांनी विचारलं.

चाचांनी वाकून हात घातला. "वरून नाही. खालून येतंय."

 ताडपत्रीवर पाऊस बदडत होता. आमच्यातल्या मोठ्यांना पौलसांची गोष्ट माहीत होती आणि लहानांनी ती ऐकली होती. रस्त्याच्या बाजूने पेटी घेऊन माणसं येताना दिसली. प्लॅस्टिक गुंडाळलेली लांब पेटी, सावकाश डुलत येणारी. लिदियाबाई खड्ड्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत नव्हते. मी त्यांच्या शेजारी होते, आणि त्यांचा श्वास मला पावसातही ऐकू येत होता.

चाचा म्हणाले, "आता खोल जायचं नाही. जितकं खोल, तितकं पाणी. तळाला दगडाची सोलिंग करू, रस्त्याला करतात तशी. पाणी खाली खेळत राहील. वरून मग मातीची भर जास्त घालू."

"दगड कुठून आणायचे आता?" पंच म्हणाले.

चाचांनी मागे पडलेल्या भिंतीकडे हात केला.

"ती मधली भिंत आहे चाचा. दोन्ही ट्रस्टची. विचारावं लागेल."

"भिंत पुन्हा बांधता येईल. शमुवेलभाऊ काय पुन्हा मरणार आहेत?"

दगड हातोहात येऊ लागले. मोठे तळाला, लहान सांध्यांत, वर चपटे. माणसं भराभर टाकत होती. लिदियाबाई म्हणाल्या, "टाकू नका. लावा." आणि त्या स्वतः आत उतरल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी एकेक दगड हलवून पाहिला, जो डुगडुगला त्याच्याखाली कपची सारली. पेटी काठावर येऊन थांबली होती.  कोणी घाई करा म्हटलं नाही. सगळे दगड बसल्यावर त्यांनी दोन्ही तळवे त्यांच्यावर टेकवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेल्या, आणि तळवे उलटे करून पाहिले.

"काय मावशी?" पाळकांनी वरून विचारलं.

"ओल हाय."

"पाणी?"

त्यांनी कान खाली नेला. आम्हालाही ऐकू येत होतं. दगडांच्या खाली पाणी चाललं होतं, चुळबुळत, अंधारात, थांबायचं नाव नाही. पण ते वर येत नव्हतं.

प्रसन्नने हात देऊन त्यांना वर घेतलं. त्यांची नखं फुटली होती. पाळकांनी ओलं पुस्तक उघडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आदी खाली ठिवा. मंग वाचा."

दोर सुटले. पेटी खाली गेली आणि दगडांवर टेकल्याचा आवाज आला. लाकडाचा, जड. ती हलली नाही. आम्ही सगळे वाकून बघत होतो, बराच वेळ. पाऊस तसाच होता. मग लिदियाबाईंनी पायाखालची चिखलाची मूठ उचलली आणि हळूच आत सोडली.